पन्हळीतलं मूठभर

अख्ख्या नाशकात शिडीला पाय न लावता सगळ्यांत जास्त पन्हळी साफ केलेला माणूस आमच्या समोरच्या घरात राहायचा. हे मी छातीठोकपणे लिहितो, कारण या विषयात त्यांच्याशी स्पर्धा करायला दुसरं कुणी रिकामं असेल असं मला वाटत नाही, आणि असलंच तर त्याने माझ्या दारात यावं, चहा देईन. पन्हळ म्हणजे उतरत्या पत्र्याच्या कडेला बसवलेली लांबट नाळ. पत्र्यावरचं पाणी गोळा करून कोपऱ्यातल्या पाइपातून खाली सोडणारी. इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत चौदा बैठी घरं होती, चौदा घरांना चौदा पोर्च, पोर्चवर पत्रे आणि पत्र्यांना पन्हळी. वर दोन्ही बाजूंनी गुलमोहराची आणि बुचाची झाडं. गुलमोहराचं पान केवढं बारीक असतं आणि ओलं झालं की भिजवलेल्या साबुदाण्यासारखं कसं चिकटून बसतं, हे ज्याने पन्हळ साफ केलीय त्यालाच विचारा. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केली, पाण्याच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर हलवल्या, पण स्वतःच्या दारात तुंबलेलं पाणी हलवायला मला कायम समोरच्या सरांची वाट बघावी लागली.

सर म्हणायचं कारण ते आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवायचे. मूळचे कळवणकडचे. रागावले की पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलत आणि खुशीत आले की अहिराणीवर येत, त्यामुळे त्यांचा मूड ओळखायला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती तरी खिशाला स्टीलची सहा इंची पट्टी लावूनच बाहेर पडत. भाजीवाल्याकडे दुधी घ्यायचा तरी पट्टी काढून त्याची जाडी बघत. भाजीवाल्याने एकदा विचारलं, "सर, दुधीला काय नट बसवायचाय का?" तर म्हणाले, "बसवायचा नसला तरी माप माहीत असावं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते असं. मला ते "साहेब" म्हणायचे. मी कारकून होतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण एकदा साहेब म्हटलं की माणूस काम सांगायला लाजत नाही, अशी त्यांची थिअरी होती.

हे सर पूर्वी शिडीवर चढायचे. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी बांबूची शिडी पोर्चला लावायची, ते वर आणि बाई खाली, शिडी घट्ट धरून. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. बाई शिडी धरताना एकसारख्या बोलत असायच्या. "फार पुढे वाकू नका, चष्मा सांभाळा, अहो त्या वायरपासून लांब राहा, गेल्या वर्षीही असंच केलंत." सगळी गल्ली ऐकायची. पाच वर्षांपूर्वी बाई गेल्या, थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन. त्या वर्षी मे महिन्यात सरांनी शिडी काढली, पोर्चला लावली आणि दोन पायऱ्या चढून ते तसेच थांबले. मी समोरून बघत होतो. बराच वेळ थांबले आणि उतरले. आता आपण जाऊन शिडी धरावी एवढं मला तेव्हा सुचलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

पुण्याहून मुलगी आली, तिने शिडी पाहिली आणि घरात कायदा केला. मुलगी शहाणी, बापासारखीच मोजूनमापून बोलणारी. म्हणाली, "बाबा, आई धरायची म्हणून तुम्ही चढत होतात. आता धरणारं कुणी नाही. तुम्ही शिडीला पाय लावलेला मला ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी या घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे पुण्याला." पुण्याला म्हणजे सातव्या मजल्यावर. सरांनी तो फ्लॅट एकदा पाहिला होता आणि परत येऊन मला एकच वाक्य सांगितलं होतं, "साहेब, तिथे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, काही दिसत नाही." त्यांना हे घर सोडायचं नव्हतं. बाईंनी लावलेली जास्वंद, बाईंनी चुन्याने रंगवलेली तुळशीची कुंडी, सगळं इथे. तेव्हा त्यांनी कायदा मान्य केला, आणि मान्य केला म्हणजे कसा, तर शिडी आडवी करून चार खांबांवर बसवली आणि तिच्यावर कारल्याचा वेल सोडला. "आता तिच्यावर कारलं चढेल," म्हणाले. जाता जाता मुलगी माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "काका, तुमचं दार समोरच आहे. लक्ष ठेवाल ना?" अशा रीतीने बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत जे कधी मिळालं नाही ते पद मला निवृत्तीनंतर मिळालं. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि मी अहवाल द्यायचो की बाबा जमिनीवर आहेत.

पण पन्हळ तर साफ झाली पाहिजे. मग फिटरच्या ट्रेडमधलं सगळं ज्ञान पणाला लागलं. सरांनी पीव्हीसीचा दहा फुटी पाइप घेतला, वरच्या टोकाला दोन एल्बो लावून छत्रीच्या मुठीसारखा वाकडा केला, आणि त्या वाकड्या तोंडाला ऑइलच्या डब्याचा अर्धा कापलेला पत्रा बसवला. खाली उभं राहून पाइप वर न्यायचा, वाकडं तोंड पन्हळीत उतरवायचं आणि ओढत ओढत आपल्याकडे आणायचं. गाळ सुटून खाली पडतो. हे पहिलं हत्यार. दुसऱ्या पाइपाला खालून बागेची नळी जोडलेली. पाणी सोडलं की वाकड्या तोंडातून फवारा थेट पन्हळीत. तिसऱ्या काठीला जुन्या स्कूटरचा आरसा, आत काय चाललंय ते बघायला. ॲल्युमिनियमचा पाइप हलका पडतो असं मी एकदा सुचवलं, तर सर एकदम शुद्ध मराठीत गेले. "आपल्या डोक्यावरून विजेची तार गेलेली आहे, हे आपण पाहिले आहे काय?" मी पाहिले नव्हते. त्या दिवसापासून मी त्यांच्या कामात सूचना करणं बंद केलं.

स्वतःची पन्हळ साफ झाल्यावर माणूस थांबतो. सर थांबले नाहीत. ते गल्लीकडे वळले. सकाळी साडेनऊच्या सुमारास खांद्यावर तीन पाइप, डोक्याला स्कूटरचं हेल्मेट, डोळ्याला वर्कशॉपचा गॉगल आणि नाकाला बाईंचा जुना स्कार्फ बांधून ते कुणाच्या तरी फाटकात उभे राहत आणि विचारत, "आरशात बघून घेऊ का एकदा?" जमिनीवर दोन्ही पाय घट्ट रोवून उभा असलेला माणूस हेल्मेट कशाला घालतो, हा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकाने त्यांना विचारला होता. कोपऱ्यावरच्या वहिनी तर पदराआड हसत. सर शांतपणे सांगत, "वस्तू वरून पडते. आपण कुठे उभे आहोत हे ती बघत नाही." मग खडूने फरशीवर एक रेघ मारायचे. रेघेच्या आत घरच्या माणसाने यायचं नाही. वहिनींनी एकदा चहाचा कप घेऊन रेघेवर पाय दिला तर कप हातात तसाच ठेवून त्यांना दोन पावलं मागे जायला लावलं. आणि सगळ्यांत कडक नियम गाळाचा. खाली पडलेला गाळ आधी उचलायचा, त्या जागी राख टाकायची आणि मगच पुढचा हात मारायचा. गुलमोहराचा ओला गाळ म्हणजे साबण, असं ते प्रत्येक घरी प्रत्येक वेळी सांगत. माझी तर ती पाठच झाली होती.

एवढं करून माणूस मागायचा काय, तर चहा. तोही अर्धा कप. पण तो अर्धा कप पाऊण तास पुरायचा. पन्हळीला उतार किती असावा इथून सुरुवात व्हायची, मग कळवणची कांद्याची चाळ, मग ज्याने पहिल्याच दिवशी लोखंड घासायची फाइल मोडली तो विद्यार्थी, मग बाई गव्हाच्या चिकाची खीर कशी करायच्या, आणि मग कप रिकामा असूनही दोन्ही हातांनी धरून ते बसूनच राहायचे. घरातली माणसं घड्याळाकडे बघायला लागली की उठायचे. "येतो. चार दिवसांनी बघून जाईन एकदा, तुंबायला नको." आणि गंमत अशी की चार दिवसांनी ती खरोखर तुंबलेली असायची. "लष्करच्या भाकऱ्या भाजतात बिचारे," वहिनी म्हणायच्या, "पण हातगुण नाही हो त्यांना. गेले की तुंबतेच."

हळूहळू गल्ली बदलली. चौदातली नऊ घरं गेली आणि त्यांच्या जागी बिल्डिंगी उभ्या राहिल्या, त्यांना पन्हळ नाही. उरलेल्यांपैकी कुणी पत्रे काढून स्लॅब टाकला. वहिनींनी पन्हळीवर जाळी बसवून घेतली. पानं जाळीवरच अडतात आणि वाळून उडून जातात. जाळी बसवली त्या दिवशी सर सकाळी नेहमीसारखे पाइप घेऊन फाटकाशी गेले, वर बघितलं, जाळीला हात लावता आला नाही म्हणून आरशातून पाहिली आणि म्हणाले, "चांगली आहे. भोकं बरोबर आहेत." मग तिन्ही पाइप घेऊन परत आले. हेल्मेट मात्र बराच वेळ काढलं नाही, तसेच व्हरांड्यात बसून होते. आता आमच्या गल्लीत साफ करण्याजोग्या दोनच पन्हळी उरल्या. एक त्यांची आणि एक माझी.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझी बायको गेल्या वर्षी सुनेच्या बाळंतपणाला बंगळुरूला गेली. तीन महिन्यांसाठी. मग बाळाला सर्दी झाली, मग सुनेची रजा संपली, मग बाळ रांगायला लागलं आणि रांगणाऱ्या बाळाला सोडून कसं यायचं. मी काही बोलत नाही. नातवाशी भांडण करून कोण जिंकलंय? पण घरात मी एकटा. सकाळी दूधवाला फाटकाची कडी वाजवायचा आणि त्यानंतर दिवसभरात ती कडी दुसऱ्यांदा वाजली तर ते सर. "साहेब, आरशात बघून घेऊ का?" मी आतून ओरडायचो, "बघा की," आणि गॅसवर पातेलं चढवायचो. दोन माणसांचा चहा करताना साखर बरोबर पडते. एकट्याचा केला की कधी गोड होतो, कधी पांचट.

एका आठवड्यात सर तापाने झोपले. मी त्यांना दोन वेळची खिचडी नेऊन देत होतो. त्यांनी माझी पन्हळ साफ करून चारच दिवस झाले होते आणि कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं होतं. म्हटलं, आपणही बघावं. मुलाने मला मोबाइल लावून फोटो काढायची काठी पाठवली होती, तिचा काही उपयोग होत नव्हता. ती लांब केली, मोबाइल लावला, वर धरून पन्हळीचा व्हिडिओ काढला आणि खुर्चीत बसून बघितला. पन्हळ या टोकापासून त्या टोकापर्यंत घासलेल्या परातीसारखी लख्ख होती. एक पान नाही. फक्त शेवटी, जिथे पाणी पाइपात उतरतं त्या तोंडाशी, मूठभर ओला पाला नीट दाबून बसवलेला होता. आणि तो वाहून जाऊ नये म्हणून त्याच्यावर गोटीएवढा एक खडा ठेवलेला.

मला आधी संतापच आला. इतकी वर्षं हा माणूस मला बनवतोय, मीही त्याला चहावर चहा पाजतोय, आणि सगळ्या गल्लीला याने असंच फिरवलं. उठून जाब विचारायला निघालोही. फाटकापर्यंत गेलो, कडीला हात लावला आणि तिथेच उभा राहिलो. दहा फूट खालून, वाकड्या पाइपाने, तो एवढासा खडा त्या पाल्यावर नेमका ठेवायला त्यांना किती वेळ लागला असेल? केवढी कसरत केली असेल त्यांनी, मान वर करून, आरशात बघत. आणि कशासाठी, तर चार दिवसांनी पुन्हा माझी कडी वाजवता यावी म्हणून. सरळ "बसायला येतो" म्हणता येत नाही या माणसाला. मलाही कुठे "या" म्हणता येत होतं? मी परत फिरलो, खुर्चीत बसलो आणि तो व्हिडिओ पुसून टाकला.

त्यानंतर मी ताकास तूर लागू दिली नाही. सर बरे झाले, आले, आरशात बघून गंभीरपणे म्हणाले, "तुंबली वाटतं," आणि मीही कपाळाला हात लावून म्हणालो, "झाडंच तशी आहेत हो." एकदा त्यांचं त्यांनाच टोचलं असावं. चहा पिता पिता दुसरीकडे बघत म्हणाले, "साहेब, खरं म्हणजे जाळी लावून घ्या तुम्ही. तीच बरी." शिकवणारा माणूस, खोटं फार दिवस पचत नाही त्याला. मी म्हटलं, "नको. जाळीखाली पत्रा गंजतो." हे मी कुठेही वाचलेलं नाही, कुणाकडून ऐकलेलं नाही. सरांना तर नक्कीच माहीत होतं की गंजत नाही. ते फक्त म्हणाले, "हां, तेही आहे," आणि उरलेला चहा प्यायले. दिवाळीच्या सुमारास पानं फारशी गळत नव्हती तेव्हा, सांगायला हरकत नाही, मीच बुचाची फुलं केरसुणीने गोळा करून दोनदा पत्र्यावर भिरकावली होती.

यंदा श्रावणात एका सकाळी पावसाची जोरदार सर आली आणि पाणी पाइपातून उतरायच्या ऐवजी धो धो करत माझ्या दारातच पडायला लागलं. खडा चांगलाच बसला होता. उघडीप झाल्यावर मीच समोर जाऊन सांगितलं, "सर, फारच तुंबलीय." ते तयारच बसले होते. हेल्मेट, गॉगल, स्कार्फ. रेघ मारली. मूठभर पाला ओढून खाली पाडला, नळीने पाणी मारलं, पाइपातून धार सुटली तसे खुशीत आले. "बेस शे," म्हणाले, म्हणजे छान आहे. आता गाळ उचलायचा, राख टाकायची, हे त्यांच्या हातात बसलेलं होतं. पण मी दारात दोन कप घेऊन उभा होतो. मी म्हटलं, "सर, चहा गार होतोय." आणि ते वळले. गाळ तसाच ठेवून वळले, आयुष्यात पहिल्यांदा.

पाय कसा सरकला ते मला दिसलंच नाही. ते पडले, हेल्मेट फरशीवर दणकन आपटलं आणि डावा हात अंगाखाली आला. मी कप टाकून धावलो. डोकं त्या हेल्मेटमुळेच वाचलं, ज्याला सगळी गल्ली हसली होती. मनगट मात्र वाकडं झालेलं दिसत होतं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि त्या अवस्थेत ते मला काय म्हणाले असतील? "साहेब, लक्षात ठेवा. दोन्ही पाय जमिनीवर होते."

संध्याकाळपर्यंत हाताला प्लास्टर आणि घरात मुलगी. मला साक्षीला बोलावलं. बाप पलंगावर, लेक खुर्चीत आणि मी दाराशी. तिने विचारलं, "काका, खरं सांगा. शिडी होती?"

"नव्हती," मी म्हटलं. "शिडीवर कारली लागलीत. जाताना बघ."

"बघ," सर म्हणाले. "तुझं कलम लागू होत नाही."

ती हसली नाही. "कलम राहू द्या बाबा. एका हाताने भाकरी कशी थापणार? अंघोळ कशी करणार? मी तिकडे ऑफिसात बसून प्रत्येक फोनला दचकते, माहितीये का तुम्हाला?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिने एकदम माझ्याकडे तोंड केलं. "आणि काका, गेल्याच रविवारी तुम्ही म्हणालात की बाबांनी तुमची पन्हळ साफ केली. मग चार दिवसांत ती एवढी तुंबली कशी?"

सर प्लास्टरकडे बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चोरी सापडलेल्या माणसासारखे दिसत होते ते, आणि माझी स्वतःची चोरी त्याहून मोठी होती, कारण त्यांनी फक्त पाला ठेवला होता. मी तो माहीत असून ठेवू दिला होता. एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं. मी सांगितलं, "आमच्याकडची झाडंच तशी आहेत, बाळा."

सरांनी पुढे वाद घातला नाही. मला वाटतं, तो प्रश्न ऐकल्यावर त्यांच्यातला जोर गेला. "हात बरा होईपर्यंत येतो," म्हणाले. मुलगी "हो" म्हणाली आणि आम्हा तिघांनाही त्या "हो"चा अर्थ कळला.

जायच्या आधी दोन दिवस त्यांनी मला शिकवलं. गळ्यात हात अडकवून माझ्या पोर्चमध्ये खुर्चीवर बसले, मला हेल्मेट घालायला लावलं आणि स्वतः रेघेच्या बाहेर राहिले. "कोपर वाकवू नका. खांद्यातून ओढा. साहेब, ती फाइल नाही, पुढे सरकवायची नसते, मागे ओढायची असते." मी घामाघूम झालो. दोन तासांनी सरांनी उजव्या हाताने आरसा वर धरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, पाइपाच्या तोंडाशी आरसा जरा जास्त वेळ थांबला. मी तिथे काही ठेवलं नव्हतं. "बेस शे," ते म्हणाले, पण खुशीत असल्यासारखे म्हणाले नाहीत. तिन्ही हत्यारं माझ्या भिंतीला टेकवून ठेवली. गाडीत बसताना पट्टी खिशाला होती. सातव्या मजल्यावर काय मोजणार होते कोण जाणे.

आता दर रविवारी फोन त्यांचाच येतो. हात बरा झालाय, पण घराचा विषय मुलगी काढत नाही आणि तेही काढत नाहीत. तिकडे लिफ्ट आहे, बाग आहे, बागेत त्यांच्या वयाचे बरेच लोक आहेत. ओळख करून घ्यायला निमित्त मात्र काही सापडत नाही म्हणाले. किल्ली माझ्याकडे असते. मी त्यांच्या कारल्यांना पाणी घालतो, त्यांची पन्हळ साफ करतो, कुलूप ओढून बघतो आणि परत येतो. कडी दिवसातून एकदाच वाजते.

मागच्या रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पन्हळ बघितली का साहेब?"

"काल साफ केली. दोन्ही केल्या."

"पूर्ण?"

मनात म्हटलं, किती दिवस पोटात ठेवायचं? "तुमची पूर्ण केली, सर. माझी नाही. माझ्या पन्हळीत पाइपाच्या तोंडाशी मूठभर ठेवलंय. वर खडा ठेवलाय."

पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं फोन तुटला. मागे त्यांची नात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते ओरडून विचारत होती, म्हणजे फोन चालू होता. मग त्यांनी विचारलं,

"खडा केवढा आहे?"

"गोटीएवढा."

"मग बरोबर आहे." आणि मग जरा हळू आवाजात, "राहू द्या तसंच. तुम्ही काढू नका. मी येऊन काढतो."

केव्हा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हापासून ते मूठभर तिथेच आहे. पावसाची सर आली की पाणी दारातच पडतं. मी पायरीवर राख टाकून ठेवतो, तिच्यावर एक पोतं अंथरतो, आणि चहाला दोनाचंच आधण ठेवून उरलेला दुपारी गरम करून पितो.